परकारचाचांची शुद्ध प्रत

अरबी लिपीत 'प' नाही. त्यामुळे कुवेतच्या सरकारी कागदोपत्री परकारचाचा आयुष्यभर 'बरकार' राहिले आणि मी गेली बावीस वर्षं 'बोतनीस' म्हणून जगते आहे. आमची ओळखही या 'प'वरूनच झाली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून रुजू होऊन दोन आठवडे झाले असतील. दारात एक उंच, वाळका माणूस उभा राहिला आणि हातातल्या कार्डाकडे बघत म्हणाला, "बोतनीस कोन?"

"पोतनीस," मी तिथूनच ओरडले.

"कागदावर बोतनीसच हाय, ताय. अरबीत 'प'च नाय तर ते लोक तरी काय करतील? मी पन रत्नागिरीचा परकार नि कुवेतचा बरकार. पन घरच्या मानसांनी तरी बरोबर बोलवावा."

मी त्या दिवसापासून त्यांना परकारचाचा म्हणू लागले. हुसैन परकार. हॉस्पिटलला माणसं पुरवणाऱ्या आमच्या कंपनीचे मंदूब, म्हणजे इकामा (इथे राहायचा परवाना), व्हिसा, सिव्हिल आयडी असली सगळी सरकारी कामं खिडक्या-खिडक्यांतून करून आणणारा माणूस. तेव्हा पन्नाशीचे असतील. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात चार पेनं, काखेत प्लास्टिकच्या फायली आणि तोंडात बडीशेप. कुणाचं काम कधी होईल असं विचारलं की "बुकरा". बुकरा म्हणजे उद्या, पण चाचांचा बुकरा आठवड्यात कधीही उगवायचा. आपण चिडलो की ते दोन्ही तळवे हवेत दाबत म्हणायचे, "पियानो, ताय, पियानो." हा माणूस मला सारखा पियानो का वाजवायला सांगतो, ते मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. पेटीसुद्धा मला येत नाही.

ते कळलं ते आमच्या लॅबमधलं रक्ततपासणीचं मशीन बंद पडलं तेव्हा. ते इटलीहून आलेलं, म्हणून दुरुस्तीलाही इटलीचाच इंजिनियर आला. गोरा, टक्कल पडलेला, रागीट चेहऱ्याचा. मशीन उघडून तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. पासपोर्ट गोळा करायला आलेले चाचा दारातून त्याला काहीतरी म्हणाले, आणि त्या माणसाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग दोघं असे काही बोलायला लागले की जन्माची ओळख असावी. मधेच इंजिनियर खो खो हसत मला इंग्रजीत म्हणाला, "हा माणूस आमच्या दक्षिणेकडच्या गोदीतल्या हमालांसारखा बोलतो. शिव्यासुद्धा तिथल्याच!"

चाचा लाजले. आधी ते शुऐबाला एका इटालियन कंपनीच्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये होते, असं नंतर त्यांनी सांगितलं. अकरा वर्षं. पाने-हातोडे देता-घेता ती भाषा कानात बसली. 'पियानो पियानो' म्हणजे हळूहळू. वेल्डिंगचा एक म्हातारा फोरमन होता, तो कुठल्याशा छोट्या बेटावरचा. जाताना तो आपल्या खोलीतली भांडी, पंखा आणि एक जाडं पुस्तक चाचांना देऊन गेला. भांडी-पंखा चाचांनी जलीब वस्तीतल्या आपल्या खोलीतल्या लोकांत वाटून टाकले. पुस्तक ठेवलं.

ते पुस्तक म्हणजे एका इटालियन बाईची कादंबरी. लेखिकेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण चाचांनीही ते माझ्यासमोर कधी घेतलं नाही. ते तिला 'ती बाय' म्हणायचे. आमच्या गावातली एखादी शेजारीण असावी तसं. "ती बाय काय लिवते, ताय! जसा चुलीजवल बसून सांगते."

मी शिकलेली, मराठीच्या मास्तरांची मुलगी, पण या बाईचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. तिची सगळी कुंडली मला चाचांकडून कळली, तीही हप्त्याहप्त्याने, कधी लिफ्टपाशी, कधी वफ्राच्या शेतांवरल्या मजुरांचे कागद करून येताना त्यांनी आणलेल्या काकड्या माझ्या टेबलावर ओतता ओतता. ती बाय त्याच फोरमनच्या बेटावरची. मासे खारवायच्या कारखान्यात कारकून होती. पन्नाशी जवळ आल्यावर तिनं पहिली कादंबरी लिहिली, आणि लिहिली ती बेटावरच्या बायकांच्या बोलीत. मोठ्या शहरातल्या प्रकाशकानं ती वाचली, आवडली म्हणाला, आणि भाषा नीट करून छापतो म्हणाला. बायनं बाड परत मागवलं. पुढची कित्येक वर्षं ते तिच्या कपाटात पडून होतं. शेवटी एका लहानशा छापखान्यानं ते जसंच्या तसं छापलं.

"मग?" मी विचारलं होतं.

"मंग काय? आधी मास्तर लोकांनी बोंब मारली, पोरांची भाषा बिघडेल बोलले. आता तेच मास्तर शालेत शिकवतात."

त्या रागीट इंजिनियरनं या गोष्टीला दुजोरा दिला होता. चाचांनी बायच्या पुस्तकाचा विषय काढल्यावर त्यानं छातीवर हात ठेवला होता. त्याची आई तिकडचीच. शहरात लग्न होऊन आल्यावर तिनं आपली बोली गिळून टाकली होती, मुलांच्या शिक्षकांसमोर तर ती तोंडच उघडत नसे. मुलाला शाळेत ही कादंबरी लागली. त्यातला एक शब्द शिक्षकांना अडला, आणि आईला शाळेत बोलावून विचारलं गेलं. "त्या दिवशी माझी आई वर्गात तासभर बोलली," तो म्हणाला. एवढं सांगून त्यानं मशीनमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

माणसांच्या बोलण्यावर एका कादंबरीचा एवढा परिणाम होऊ शकतो, हे ऐकून मी भारावून गेले. ऐकण्यापुरती, असं आता म्हणायला हवं.

कादंबरीची गोष्ट साधी आहे. बेटावरची एक बाई, रोझा. तिचा नवरा जहाजावर जातो. त्या बेटावर जहाजावर गेलेल्या माणसाला 'पाण्यावर आहे' म्हणतात. एक दिवस कंपनीचा माणूस जहाज बुडाल्याचं पत्र घेऊन येतो. रोझा त्याला बसायला खुर्ची देते, पाणी देते, पत्र ऐकून घेते, आणि म्हणते, "तो पाण्यावर आहे." पुढची चाळीस वर्षं ती पोस्टमनला, पाद्र्याला, शिरगणती करायला आलेल्या माणसाला हेच सांगते. शुद्ध इटालियनमध्ये असं म्हणत नाहीत. त्या बायच्या पुस्तकानंतर म्हणायला लागले. घरी परत न आलेल्या माणसाबद्दल तिकडची वर्तमानपत्रंसुद्धा तसं लिहितात, असं इंजिनियर म्हणाला.

हे सांगताना चाचा एकदा थांबले. मी सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या लावत होते. ते म्हणाले, "आमच्याकडं पन असाच बोलतात, ताय. माजा बापूस मी चार वरसांचा असताना बोटीवर गेला, तो परत आला नाय. कोन बोल्ला मेला, कोन बोल्ला दुसरीकडं घर केलान. आयला कोनीव विचारला की ती बोलायची, पान्यावर हाय. मरेपरेंत तेच बोल्ली. ह्या पुस्तकात माजी आय हाय, ताय. मी वाचतंय तवा मना तिचा आवाज येतो."

मी "हो का!" म्हणाले. नळ्यांकडे बघत.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे होतं. दर वर्षी त्यात तेच ते यायचं. परदेशातला गणपती, आईच्या हातची पुरणपोळी, वाळूच्या वादळावर एक कविता. मी चाचांना म्हटलं, तुम्ही मराठीत करा की ती कादंबरी. निदान पहिलं प्रकरण द्या. चाचा हसले, आपण सातवी पास, ऱ्हस्व-दीर्घ येत नाही, वगैरे म्हणाले. मी अगदी थाटात म्हटलं, "ते माझ्यावर सोपवा."

हे वाक्य मला आजही टोचतं.

चार महिन्यांनी त्यांनी मला एक लांबडी वही आणून दिली. निळ्या शाईत, वाकड्या अक्षरात भरलेली. खोलीत आठ माणसं, टेबल नाही, तेव्हा शुक्रवारी दुपारी पलंगावर मांडी घालून, उशीवर वही ठेवून ते लिहायचे. लिहून झालेलं पान खोलीतल्या लोकांना वाचून दाखवायचे. सगळे दापोली-गुहागरकडचे, ड्रायव्हर, आचारी, कुणी शिंपी. "आमची आजी असा नाय बोलायची" म्हणून कुणी अडवलं, की ते खोडून परत लिहायचे. वही देताना चाचांनी ती दोन्ही हातांनी दिली. दुसरी प्रत नव्हती.

मी वही उघडली आणि मला घाम फुटला. 'पान्यावर', 'मना', 'तुना', 'सगला', 'बोल्ली'. एक ओळ धड नाही! माझे वडील मिरजेला शाळेत मराठी शिकवायचे. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेनानं तपासायचे, मग तारीख बघायचे. मी त्यांचीच. कॉम्प्युटरवर टाइप करता करता मी सगळं दुरुस्त करत गेले. 'आय'ची 'आई' केली, 'बापूस'चे 'वडील', 'घोव'चे 'यजमान'. आणि ज्या वाक्यासाठी ती सगळी कादंबरी आहे, ज्या वाक्यावर एका बाईनं चाळीस वर्षं काढली, तिथे मी लिहिलं: 'ते नोकरीनिमित्त समुद्रप्रवासास गेले आहेत.'

वाचणाऱ्याला हसू येईल. यावं. पण तेव्हा मी चहा घेत ते वाक्य परत वाचलं होतं आणि मला ते छान जमलंय असं वाटलं होतं. नवऱ्याला ऐकवलं, तोही "ओघवतं आहे" म्हणाला. चाचांना दाखवावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांना काय कळणार त्यातलं, असंच मला वाटत असणार. स्पष्ट तसं मनाशी म्हटलं नाही, एवढंच.

स्मरणिकेचं प्रकाशन एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. चाचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून, खोलीतल्या दोघांना घेऊन आले आणि मागच्या रांगेत बसले. मी स्टेजवरून अनुवादाची तीन पानं वाचली. वाचते मी बरी. टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अनुवाद वाटतच नाही!" चाचांना स्टेजवर बोलावून शाल दिली. फोटोत ते माझ्या शेजारी उभे आहेत आणि शाल एका खांद्यावरून घसरली आहे.

खाली उतरल्यावर जेवणाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होते. त्यांच्याबरोबरचा एक जण, इब्राहीम नावाचा आचारी, त्यांना विचारत होता, "चाचा, तुमची गोष्ट कवा वाचनार? ह्यांचा सगला झाला वाटता."

चाचा म्हणाले, "चल, जेवन थंड होईल."

मला तेव्हा हसू आलं. बिचाऱ्याचा डोळा लागला असेल, त्यानं ऐकलंच नसेल, असं मला वाटलं. घरी जाऊन मी नवऱ्यालाही ते सांगून हसवलं.

दुसऱ्या दिवशी मी वही परत द्यायला गेले तर चाचा म्हणाले, "असूं दे तुमच्याकडंच." पुढचं प्रकरण कधी देणार विचारलं, तर "बुकरा". नंतरही कधी विचारलं की बुकरा. काकड्या येत राहिल्या, माझं इकाम्याचं काम इतरांच्या आधी होत राहिलं, माझ्या मुलीच्या पासपोर्टचं लफडं त्यांनी तीन दिवसांत निस्तरून दिलं. फक्त त्या बायबद्दल ते माझ्याशी परत कधी बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत हे माझ्या लक्षात यायला मला काही वर्षं लागली. खरं तर आपणहून माझ्या लक्षात आलंच नाही. मुलीनं आणून दिलं.

रेवा इथेच वाढली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. मागच्या वर्षी ती कॉलेजच्या सुट्टीत कॅनडाहून आली, तेव्हा तिच्या बॅगेत तीच कादंबरी होती, इंग्रजीतली. त्यांना अभ्यासाला लागली आहे. मी मोठ्या ऐटीत कपाटातली स्मरणिका काढून तिच्यापुढे ठेवली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून ठेवून तिनं दोन पानं वाचली.

"आई, ही रोझा न्यूज वाचल्यासारखी का बोलतेय?"

"म्हणजे?"

"शी सेज, ही इज ऑन द वॉटर. इट्स द होल बुक, आई. इथे कुठाय ते?" मग तिनं माझ्याकडे बघितलं. "परकारअंकलनी असं लिहिलं होतं?"

मी नाही म्हणाले.

"सो यू फिक्स्ड हर," रेवा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. प्रकाशकाला बाड परत मागणारी ती बाय, वर्गात तासभर बोलणारी ती इंजिनियरची आई, हे सगळं मला चाचांनी कशासाठी सांगितलं होतं, ते मला माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरीसमोर, स्वयंपाकघरात, हातात पोळीची कणीक असताना कळलं. मला भयंकर शरम वाटली.

वही शोधायला घेतली. कपाटं, माळा, पलंगाखालच्या बॅगा. मग आठवलं, मधे आम्ही घर बदललं तेव्हा जुन्या मासिकांचं एक खोकं मीच खाली कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवायला लावलं होतं. स्मरणिकेची सगळी कच्ची प्रत, वहीसकट, त्यात होती. शुद्ध प्रत छापून झाली की कच्ची ठेवायची नाही, ही वडिलांची शिस्त. ती मी निष्ठेनं पाळली.

दोन आठवडे मी चाचांना टाळत होते. शेवटी धीर करून फोन केला तर कंपनीतल्या पोरीनं सांगितलं, चाचांचं कॅन्सलेशन चालू आहे. कायमचे जाताहेत. आज सकाळी जवाजातला असतील.

मी रजा टाकून तिथे गेले. जवाजातचं ते इकाम्याचं ऑफिस, प्लास्टिकच्या खुर्च्या, थंडगार एसी, नंबराची चिठ्ठी हातात घेऊन बसलेली माणसं. इतकी वर्षं चाचांना मी दुसऱ्यांच्या फायली घेऊन धावताना पाहिलं होतं. आज त्यांच्या हातात एकच फाइल होती. केस पार पांढरे झाले होते. मला बघून ते उठून उभे राहिले, शेजारच्या खुर्चीवरची फाइल उचलली आणि म्हणाले, "बसा, ताय. काय काम काढलात?"

मी इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. वही माझ्याकडून गेली. आणि त्याआधी त्यातलं जे होतं ते मीच घालवलं. मला तेव्हा कळलं नाही.

समोरच्या बोर्डावरचा नंबर बदलला, तो त्यांनी बघितला. मग म्हणाले, "असूं दे."

"असू दे नाही, चाचा. आता गावी मोकळा वेळ मिळेल. परत लिहा. मी एक अक्षर बदलणार नाही. जसं आहे तसं छापीन, माझ्या पैशानं छापीन. काना-मात्रासुद्धा बदलणार नाही, शप्पथ."

"मी बसलो हुतो, ताय. तुमाना काय वाटला, बसलोच नाय? दोन-तीनदा नवी वही आनली." ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, मांडीवरच्या फायलीचा रबर सरळ करत होते. "तुमी चांगल्या मनानं केलात, मना ठाव हाय. राग नाय. पन आता लिवायला बसला ना, की आयचा आवाज येत नाय मना. तुमचा येतो. तो स्टेजवरचा."

मी त्यांचा हात धरावा असं फार वाटलं, पण तसं कधी केलेलं नव्हतं. इतक्यात त्यांचा नंबर लागला. "येतंय हा," असं म्हणून ते उठले आणि खिडकीशी गेले.

काचेपलीकडे एक तरुण कारकून होता. चाचांना इतकी वर्षं ओळखणारा असावा, कारण तो उभा राहून त्यांच्याशी हात मिळवून बोलत होता. कागदावर शिक्का मारता मारता त्यानं माझ्या दिशेनं मान करून काहीतरी विचारलं. चाचा वळले, माझ्याकडे हात केला आणि अरबीत त्याला काहीतरी सांगू लागले. बराच वेळ सांगत होते, हसून. त्या मुलानं माझ्याकडे बघून छातीला हात लावला आणि मान लववली.

माझी अरबी लॅबपुरती. मी शेजारी बसलेल्या हैदराबादच्या ड्रायव्हरला विचारलं, ते काय म्हणाले?

तो म्हणाला, "आप की तारीफ कर रहे हैं, मैडम. बोल रहे हैं, मेरी माँ की कहानी इन्होंने ही छापी है."